गरोदरपणात अपेंडिक्स सुजलं तर

'पोटुशी बाईचं पोट दुखायचंच' हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. साधारण हजार-दीड हजार गरोदर बायकांत एकीचं अपेंडिक्स सुजतं, आणि सुरुवात मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणं अशीच होते. तिसऱ्या महिन्यात याचं कुणाला काय वाटणार?

एरवी हा आजार आपला पत्ता स्वतःच सांगतो. आधी बेंबीभोवती दुखतं, कारण अपेंडिक्सच्या आणि बेंबीजवळच्या कातडीच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच पातळीवर पोचतात आणि मेंदूची गल्लत होते. काही तासांनी सूज पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला टेकते. या अस्तराला जागा नेमकी कळते. मग दुखणं उजव्या ओटीपोटात बोटभर जागेत येतं आणि पोट फळीसारखं ताठ होतं.

गर्भाशय वाढलं की हीच भिंत पुढे ढकलली जाते आणि अस्तर अपेंडिक्सपासून सुटतं. आत पू झालेला असतानाही पोट मऊ लागू शकतं! शिवाय सुजेला गुंडाळून ठेवणारी चरबीची झालर तिथवर पोचेलच असं नाही, त्यामुळे फुटलं तर पू पोटभर पसरतो. 1932 साली बेअर आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचे एक्स-रे काढून अपेंडिक्स महिन्यागणिक वर सरकतं असं दाखवलं. नंतरच्या अभ्यासांत मात्र बहुतेकींना उजव्या ओटीपोटातच दुखत असल्याचं दिसलं.

एक जुनी तपासणी मला फार आवडते. दुखऱ्या जागी बोट तसंच ठेवून बाईला डाव्या कुशीवर वळवायचं. गर्भाशय डावीकडे कलतं. दुखणं त्याच्याबरोबर गेलं तर ते गर्भाशयाचं. बोटाखालीच राहिलं तर संशय अपेंडिक्सचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर भिस्त ठेवता येत नाही, त्या गरोदरपणात 15-16 हजारांपर्यंत एरवीही जातात. म्हणून आधी सोनोग्राफी, आणि तिच्यात स्पष्ट दिसलं नाही तर एमआरआय.

अशा वेळी घरात एरंडेल पाजतात, पोट शेकतात. कृपा करून असं करू नका. जुलाबाच्या औषधाने सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. न फुटलेलं असताना बाळ दगावण्याचा धोका शेकडा चार-पाचाच्या आसपास असतो, फुटल्यावर तो 20 ते 35 पर्यंत चढतो. उशीरच जीव घेतो, हे बॅबलर या अमेरिकन सर्जनने 1908 मध्येच लिहून ठेवलंय.

दुर्बिणीतून ऑपरेशन गरोदरपणातही होतं. पहिलं छिद्र गर्भाशयाच्या वरच्या टोकापासून दूर घेतात. टेबल डावीकडे कलवतात, नाहीतर गर्भाशयाच्या भाराने हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दबते. आणि भूल द्यायच्या आधी व ऑपरेशन संपल्यावर बाळाचे ठोके तपासतात.