आकडा ओहमचा, आवाज हेन्रीचा

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याने आपल्या इलेक्ट्रिक गिटारसाठी ऑनलाइन नवा पिकअप, म्हणजे तारांच्या थरथरीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग, मागवला. जाहिरातीत ठळक अक्षरांत '१६ किलोओहम' असे छापलेले होते आणि गिटारमधला जुना पिकअप ८ किलोओहमचा होता, तेव्हा आवाज दुप्पट दमदार होणार, असा त्याचा सरळ हिशोब होता. पिकअप बसवल्यावर आवाज थोडा चढला खरा, पण तारांची खणखण हरवली आणि गिटार गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखी घुमू लागली. पिकअपमध्ये दोष नव्हता. हा किलोओहमचा आकडा पिकअपची ताकद सांगतो, हा समज मात्र इतका सार्वत्रिक आहे की विकणारेही त्याच आकड्यावर माल विकतात.

पिकअपची रचना शाळेतल्या प्रयोगाहून फारशी निराळी नाही. चुंबक आणि त्याच्याभोवती माणसाच्या केसाइतक्या बारीक, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या, एनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचे सातआठ हजार वेढे, एवढाच त्याचा संसार. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतःही किंचित चुंबक बनते. ती थरथरली की कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे कॉइलच्या टोकांशी विभवांतर निर्माण होते. अकूस्टिक गिटारच्या कांस्याच्या तारा या पिकअपला नीट 'ऐकू' येत नाहीत, त्याचे कारण हेच. जॉर्ज बोशांप यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी नालाकृती चुंबक वापरून हे तत्त्व गिटारवर बसवले, आणि तेव्हापासून मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही.

आता ओहमकडे वळू. मीटर दाखवतो तो तांब्याच्या तारेचा रोध. वेढे वाढले की तारेची लांबी आणि तिच्याबरोबर रोध वाढतो, हे बरोबर आहे. परंतु वेढे तेवढेच ठेवून ४२ ऐवजी ४३ गेजची, म्हणजे आणखी बारीक, तार वापरली, तरी रोध सुमारे पावपट वाढतो आणि आवाजाच्या जोरात त्या प्रमाणात काहीच भर पडत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १२ अंशांवर ७.४ किलोओहम भरणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी ३८ अंशांवर ८.२ च्या आसपास भरतो. ऋतू बदलला म्हणून पिकअप 'हॉट', म्हणजे जास्त जोरदार, झाला, असे कोणी म्हणत नाही, एवढेच.

आवाजाचा पोत ठरतो तो इंडक्टन्सवरून, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला कॉइल किती विरोध करते त्यावरून, आणि त्याचे एकक हेन्री. कॉइलच्या प्रत्येक वेढ्याचे चुंबकीय क्षेत्र बाकीच्या सगळ्या वेढ्यांतून जाते, त्यामुळे इंडक्टन्स वेढ्यांच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेढे दीडपट झाले, तर इंडक्टन्स सव्वादोन पट. पण कॉइल एकटी काम करत नाही. गिटारपासून अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये मधली तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी यांच्यामध्ये प्लॅस्टिक असते, आणि दोन वाहकांमध्ये असा निरोधक आला की तो कपॅसिटरच झाला. त्याची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. इंडक्टन्स आणि धारिता एकत्र आल्या की झोपाळ्यासारखी एक व्यवस्था तयार होते: झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्के दिले तर तो उंच जातो, त्याहून भराभर दिले तर जागच्या जागी कुचंबतो. या व्यवस्थेची स्वतःची लय म्हणजे तिची अनुनादाची वारंवारिता. त्या वारंवारितेपाशी आवाज उठावदार होतो, आणि तिच्या बरेच पलीकडे गेल्यावर वारंवारिता दुप्पट झाली की विभवांतर चौथ्या हिश्श्यावर येते.

ही वारंवारिता काढण्यासाठी हेन्री आणि फॅरड यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे, त्याला २π ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येने १ ला भागावे. पाच मीटर केबलचे ५०० आणि आतल्या वायरिंगचे वगैरे १०० असे ६०० पिकोफॅरड धरू. स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या एका कॉइलच्या पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्री धरला, तर उत्तर येते सुमारे ४,२०० हर्ट्‌झ. ४.५ हेन्रीच्या जुन्या धाटणीच्या हमबकरचे, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचे, ३,१०० च्या आसपास. भाच्याचा १६ किलोओहमवाला ८ हेन्रीच्या घरात असणार, म्हणजे शिखर आले २,३०० वर. आपला कान २,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो; त्या पट्ट्याचा वरचा भागच गेला, तर खणखण उरणार कुठून?

शिखर किती टोकदार असेल, ते आवाजाच्या नॉबखालचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रोध, ठरवतो. २५० किलोओहमचा पॉट ते बोथट करतो, ५०० चा तेवढे करत नाही. म्हणूनच नवा पिकअप घेण्याआधी पॉट, केबलची लांबी आणि पिकअपची उंची या तीन स्वस्त गोष्टी तपासाव्यात. ४.५ हेन्रीच्या पिकअपला पाचाऐवजी तीन मीटरची केबल लावली की शिखर ३,१०० वरून ३,७५० वर सरकते. उंचीसाठी तर फक्त स्क्रू फिरवायचा असतो; मात्र चुंबक तारेच्या फार जवळ आला, तर तारच ओढली जाऊन सूर बिघडतो.

टोन नॉबच्या कपॅसिटरबद्दल बाजारात जे चालते, त्याला नवग्रहांच्या खड्यांच्या अंगठ्यांचीच उपमा शोभेल. तेलात भिजवलेल्या कागदाचा, पन्नास वर्षे जुना, हजारो रुपयांचा कपॅसिटर लावून 'उबदार' आवाज मिळाल्याचे लोक शपथेवर सांगतात. ०.०२२ मायक्रोफॅरड छापलेले दोन कपॅसिटर प्रत्यक्षात २० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतात, आणि ऐकू आलेला फरक बहुधा तेवढाच असतो. आधी दोन्ही मोजावेत.

भाच्याच्या पिकअपला आम्ही परत पाठवले नाही. तो हमबकर होता. गिब्सन या गिटार कंपनीत असताना सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी सादर केलेली ही रचना: दोन कॉइल, त्यांचे चुंबकीय ध्रुव उलट आणि विद्युत जोडणीही उलट. घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये परस्परविरुद्ध उमटून विरते, तारेचा आवाज मात्र दोनदा उलटून सुलट होतो आणि त्याची बेरीज होते. या दोन कॉइल सहसा एकसर जोडलेल्या असतात. त्या समांतर जोडल्या, तर इंडक्टन्स साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो आणि गुणगुण विरण्याचा गुणही टिकतो. एकच कॉइल चालू ठेवली, तर तो जातो.

यासाठी पिकअपमधून चार वायरी बाहेर आलेल्या असाव्या लागतात, आणि त्यांचे रंग प्रत्येक उत्पादकाचे वेगळे. इंटरनेटवरचा तक्ता दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तेव्हा मी जुना काट्याचा मल्टिमीटर काढला. सर्वांत नाजूक मापनावर ठेवून एका कॉइलच्या दोन वायरी त्याला लावल्या आणि पिकअपवर टेकवलेला पोलादी स्क्रूड्रायव्हर झटक्यात उचलला. काटा उजवीकडे फडफडला. दुसऱ्या कॉइलला डावीकडे गेला, म्हणून तिच्या वायरींची अदलाबदल केली. मग तोही उजवीकडे. फॅरडे यांच्या गॅल्व्हानोमीटरचा काटा असाच हलला असणार. ज्या दोन वायरी मीटरच्या धन टोकाला होत्या त्या एकत्र, ऋण टोकाच्या दोन एकत्र, आणि एकसर-समांतर बदलण्यासाठी ओढून उचलता येणारा पुश-पुल पॉट.

समांतर जोडणीत आवाज बराच उतरला, तो अँप्लिफायरच्या नॉबने भरून काढला. शिखर गणिताने ४,६०० च्या आसपास गेले होते, आणि खालच्या जाड तारेवरही नखी लागल्याचा टणत्कार पुन्हा ऐकू येऊ लागला. भाच्याने सवयीने मीटर लावला. मीटरवर ४ किलोओहम.