मजकूर वेगळा ठेवण्याची शिस्त: सीएमएसवरील संकेतस्थळांच्या चांगल्या पद्धतींमागचा इतिहास

सांगलीत संकेतस्थळे उभी करण्याचे काम करताना एक अनुभव मला वर्षानुवर्षे येत आला आहे. अडत दुकान असो, महाविद्यालय असो की पतसंस्था, पहिल्या बैठकीत विचारले जाते ते ‘साइट दिसणार कशी’ हेच. तिच्यातला मजकूर कोण लिहिणार, तो कोठे साठवला जाणार आणि पाच वर्षांनी काम दुसऱ्या कोणाच्या हाती गेले तर तो जसाच्या तसा बाहेर काढता येईल का, हे प्रश्न आम्हालाच काढावे लागतात. आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर साठवून त्यातून पाने तयार करणारे, रोजच्या बोलण्यातले सीएमएस, वापरताना ज्या पद्धती आज चांगल्या मानल्या जातात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत आहे, आणि मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत तर त्यात लिपीचीही भर पडते. हा इतिहास ठाऊक नसला की त्या पद्धती कोणीतरी लादलेल्या नियमांसारख्या वाटतात आणि घाईच्या वेळी सर्वांत आधी त्याच सोडून दिल्या जातात.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती जगासमोर आली, तेव्हा पान म्हणजे एक साधी फाइल होती. मथळा कोणता, परिच्छेद कोणता, दुवा कोठे आहे, एवढेच त्या फाइलीत सांगितलेले असे. अक्षर किती मोठे आणि कोणत्या रंगाचे, हे वाचणाऱ्याच्या संगणकावर सोडलेले असे. पुढे पाने सजवण्याची हौस वाढली, तसे रंग, फॉन्ट आणि तक्ते थेट मजकुरातच घुसवले जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून होकॉन वियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसचा, म्हणजे पानाचे रूप मजकुरापासून वेगळे लिहिण्याच्या भाषेचा, प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून मान्य झाली. मजकूर एका ठिकाणी आणि त्याचे रूप दुसऱ्या ठिकाणी, ही विभागणी तेव्हा लेखी झाली. अंगवळणी पडायला मात्र आणखी बरीच वर्षे गेली.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरच्या काळात आमच्याकडची बहुतेक संकेतस्थळे फ्रंटपेजसारख्या साधनांत बनत. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक बदलला की चाळीस पाने एकेक उघडून चाळीस ठिकाणी तो बदलायचा, आणि त्यातली दोन-तीन हमखास राहून जायची. ज्याने साइट बनवली त्याच्याच संगणकावर मूळ फाइली असत, त्यामुळे एखादी सूचना बदलायची म्हटली तरी त्याची वाट पाहावी लागे. डेटाबेसमध्ये मजकूर ठेवून त्यातून पाने आपोआप तयार करणाऱ्या प्रणालींची गरज या रोजच्या त्रासातून निर्माण झाली. रासमस लरडॉर्फ यांनी जून १९९५ मध्ये पाने तयार करणारी पीएचपी ही भाषा सर्वांना खुली केली, त्याच वर्षी मायएसक्यूएल हा डेटाबेसही आला, आणि या दोन मोफत साधनांवर पुढच्या दशकातल्या बहुतेक लोकप्रिय प्रणाली उभ्या राहिल्या.

अशा प्रणालींपैकी ड्रुपलची पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बी२ नावाचा, मागे पडलेला प्रकल्प पुढे नेत २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस प्रसिद्ध केले. मॅम्बो या प्रणालीच्या विकसकांनी मतभेदांमुळे बाहेर पडून २००५ मध्ये जूमला सुरू केले. हे नाव स्वाहिली भाषेतून घेतलेले असून त्याचा अर्थ ‘सर्व मिळून’ असा आहे. मूळ अरबी असलेला हाच शब्द आपल्या जुन्या हिशेबी कागदांत ‘एकूण बेरीज’ या अर्थाने ‘जुमला’ म्हणून भेटतो, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. या तिन्ही प्रणालींचा परवाना खुला आहे. मूळ निर्मात्याने काम सोडले तरी दुसऱ्याने ते उचलून पुढे न्यावे, ही मुभा त्या परवान्यात नसती तर वर्डप्रेस आणि जूमला जन्मालाच आले नसते. प्रणाली निवडताना परवाना आधी पाहावा, असा आग्रह जाणकार धरतात तो याच कारणाने.

आता लिपीकडे येतो, कारण आपल्यासाठी खरी किंमत मोजावी लागली ती येथे. जगातल्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा होती आणि ती मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावर आधारलेली होती. पण घरोघरच्या संगणकांना ती अक्षरे नीट जुळवून दाखवता येऊ लागली विंडोज २००० आणि विंडोज एक्सपीच्या काळात, आणि एक्सपीतही त्यासाठी सीडी घालून वेगळा भाग बसवावा लागे. मधल्या काळात छापखान्यांनी, वर्तमानपत्रांनी आणि कार्यालयांनी आपापले फॉन्ट वापरून काम भागवले. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलीत साठवलेले असे ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. म्हणजे मराठी मजकूर खऱ्या अर्थाने साठवलाच जात नव्हता, त्याचे केवळ रूप साठवले जात होते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते पान उघडले की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे, म्हणून त्या काळच्या मराठी संकेतस्थळांवर ‘फॉन्ट डाउनलोड करा’ असा दुवा वरच्या बाजूला असे.

एका महाविद्यालयाच्या जुन्या सूचना नव्या प्रणालीत आणण्याचे काम आमच्याकडे आले होते, तेव्हा याचा पुरता प्रत्यय आला. फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनातून मजकूर काढला तरी ‘वाऱ्यावर’ मधला ‘ऱ्य’ प्रत्येक ठिकाणी वेगळा बिघडला होता आणि तो हाताने दुरुस्त करण्यात दिवस गेले. ‘ॲडमिशन’ या शब्दाची गोष्ट तर आणखी नाजूक होती. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही अनेकांनी ‘अ’ वर चंद्र देऊन तेच अक्षर लिहिले. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, म्हणून शोधपेटीत ‘ॲडमिशन’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला निम्म्या सूचना सापडतच नव्हत्या. तेव्हापासून कोणतेही मराठी संकेतस्थळ सुरू करताना कोणता कीबोर्ड वापरायचा आणि कोणते रूप प्रमाण धरायचे, हे आम्ही मजकूर टाकणाऱ्यांबरोबर बसून आधीच ठरवतो.

डेटाबेसनेही यात आपली भर घातली. मायएसक्यूएलमधील आपसूक संकेतन, म्हणजे अक्षरे आकड्यांत साठवण्याची ठरलेली पद्धत, बरीच वर्षे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे होते आणि ते बदलले २०१८ च्या आठव्या आवृत्तीत. एका होस्टिंगवरून, म्हणजे साइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवरून, दुसऱ्या होस्टिंगवर साइट हलवताना अख्ख्या लेखांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी उरलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना संकेतन तपासून मगच आयात करण्याची सूचना दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.

ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या पानाच्या पत्त्याचा प्रश्न अजूनही मिटलेला नाही. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता तयार करते, त्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि अनुस्वार वेगवेगळे धरले जातात आणि प्रत्येकासाठी नऊ चिन्हे खर्ची पडतात. एकूण मर्यादा मात्र २०० चिन्हांची आहे. ‘सांगली बाजार समितीतील हळदीचे आजचे दर’ असे शीर्षक दिले तर हिशेब ‘सांगली-बाजार-समितीतील-हळ’ येथेच संपतो. उद्या ‘हळकुंडांची आवक’ या विषयावर याच सुरुवातीचे शीर्षक दिले तर पत्ताही तोच तयार होतो आणि प्रणाली त्याला पुढे आकडा चिकटवून वेगळा करते. म्हणून मराठी शीर्षक कितीही लांब असले तरी पत्ता हाताने आखूड लिहावा आणि पान एकदा प्रसिद्ध झाल्यावर तो बदलू नये, हा दंडक आमच्याकडे कसोशीने पाळला जातो.

हळदीच्या दराचे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. दर हा लेखाचा मजकूर नव्हे. तारीख, वाण, किमान दर, कमाल दर अशी ती सुटी माहिती आहे. जून २०१० मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या ३.० आवृत्तीत लेख आणि पान यांच्याखेरीज स्वतःचे प्रकार तयार करणे सोपे झाले आणि जानेवारी २०११ मधील ड्रुपल ७ मध्ये अशी सुटी क्षेत्रे मूळ प्रणालीतच समाविष्ट झाली. त्यामुळे राजापुरी हळदीचा वर्षभराचा दर एका तक्त्यात किंवा आलेखात दाखवणे शक्य झाले, तेही कोणी पुन्हा टंकलेखन न करता. असे असूनही आजही दरपत्रक कागदावर लिहून त्याचा फोटो साइटवर टाकला जातो तेव्हा मनापासून वाईट वाटते. तो फोटो शोधता येत नाही, त्यावरून बेरीज होत नाही, आणि ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या संगणकाला तो वाचूनही दाखवता येत नाही. सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीची, पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये आली, भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अपेक्षेला कायद्याचे बळ दिले. तरी स्कॅन केलेल्या सूचनांची सवय सुटलेली नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत शिस्त आली ती धडे मिळाल्यावर. वर्डप्रेसमध्ये सुरुवातीची अनेक वर्षे पहिल्या खात्याचे नाव ‘ॲडमिन’ असेच ठेवले जाई, आणि एप्रिल २०१३ मध्ये याच नावावर पासवर्डांचा मारा करणारे मोठे हल्ले जगभर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ३.७ आवृत्तीपासून छोट्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसू लागल्या. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. ज्यांनी सात तासांच्या आत दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट घुसखोरांच्या हाती गेली असे समजूनच चालावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर सांगितले. भारतीय वेळेनुसार ती घोषणा रात्री साडेनऊच्या सुमारास झाली आणि मुदत पहाटे साडेचारला संपली. सांगलीतल्या कोणत्या कार्यालयात त्या सात तासांत माणूस जागा असणार होता? अद्ययावत करण्याचे काम माणसाच्या सवडीवर ठेवू नये, हा विचार तेव्हापासून पक्का झाला.

आपोआप दुरुस्ती होण्यासाठी मूळ फाइली अस्पर्श असाव्या लागतात. वर्डप्रेसमध्ये २००४ मध्ये प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, आणि २००५ मध्ये थीम, म्हणजे साइटच्या रूपाचे संच, आल्या, त्या बदल वेगळ्या जागी ठेवता यावेत यासाठीच. ज्याने मूळ फाइलीत दोन ओळी घुसवल्या, त्याच्या ओळी पुढच्या आवृत्तीत पुसल्या जातात. मग त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून तो आवृत्ती बदलणेच थांबवतो. नादुरुस्त राहून फुटलेल्या ज्या साइट माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बऱ्याच अशाच थांबलेल्या होत्या. सुरक्षित जोडणीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला: २०१५ च्या अखेरीस त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे मोफत मिळू लागली आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ती नसलेल्या प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणू लागला.

डिसेंबर २०१८ मधील वर्डप्रेस ५.० ने मजकूर ठोकळ्याठोकळ्यांनी रचण्याचे साधन आणले, आणि त्याच्या आधीपासूनच पाने ओढून-सोडून रचणारी प्लगइनही लोकप्रिय झाली होती. त्यांनी मजकूर टाकणाऱ्याला मोठे स्वातंत्र्य दिले, हे मान्यच करायला हवे. पण असे एखादे प्लगइन काढून टाकल्यावर मजकुरात मागे राहिलेले चौकटी कंसांतले संकेत पाहिले, वर्डमधून चिकटवलेल्या परिच्छेदाबरोबर आलेले फॉन्ट आणि रंग पाहिले, की १९९४ मध्ये ज्या गुंत्यावर उत्तर शोधले गेले होते तोच गुंता पुन्हा समोर उभा राहतो. आमच्याकडे मजकूर टाकणाऱ्यांना केवळ मथळा, परिच्छेद, यादी आणि चित्र एवढेच ठोकळे खुले ठेवले जातात, आणि चिकटवताना साधा मजकूर म्हणूनच चिकटवायला शिकवले जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. शहरातल्या एका संस्थेचे कार्यालय तळमजल्यावर होते. साइटचा बॅकअप ज्या डिस्कवर होता ती त्याच कार्यालयाच्या कपाटात होती आणि ती पाण्याखाली गेली. होस्टिंगच्या नूतनीकरणाची मुदतही त्याच आठवड्यांत संपत होती, पण त्याच्या सूचना नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या ईमेलवर जात राहिल्या, आणि कार्यालय पुन्हा उघडून गाळ काढून होईपर्यंत होस्टिंगवरचे खातेही पुसले गेले होते. आम्हाला बोलावले गेले तेव्हा हाती काहीच नव्हते. जगभरच्या साइटांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट संग्रहाने (इंटरनेट अर्काइव्ह) त्या साइटची काही पाने जपून ठेवली होती, त्यांतून आम्ही एकेक लेख उचलत गेलो. युनिकोडमध्ये लिहिलेल्या साध्या मजकुराची पाने जवळजवळ पूर्ण मिळाली. स्कॅन करून टाकलेल्या सूचना आणि अहवाल मात्र संग्रहात उतरलेच नव्हते, ते कायमचे गेले.

त्यानंतर आम्ही सांभाळत असलेल्या प्रत्येक साइटची एक प्रत सांगलीबाहेरच्या सर्व्हरवर रोज रात्री जाते, डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्याच नावावर आणि पदाच्या ईमेलवर नोंदलेले असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एका साइटची प्रत रिकाम्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उभी करून पाहिली जाते. त्या वेळी आम्ही मुखपृष्ठ पाहत नाही. सर्वांत जुनी सूचना उघडतो आणि तिच्यातला ‘ऱ्य’ शाबूत आहे का ते तपासतो.