काँडोच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर: कॅलिफोर्नियात एचओएची मंजुरी अशी घ्या

स्वतंत्र घर असेल तर शहराचा परवाना काढून गॅरेजमध्ये चार्जर लावता येतो. फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या काँडोवाल्यांचं, म्हणजे इमारतीत स्वतःचा फ्लॅट असलेल्यांचं, घोडं मात्र एचओएपाशी (घरमालकांच्या सोसायटीपाशी) अडतं. पुण्या-ठाण्यात एनओसीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीमागे फिरलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. पण इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. राज्याच्या सिव्हिल कोडच्या (दिवाणी कायद्याच्या) कलम 4745 नुसार तुमच्या नावच्या पार्किंगमध्ये चार्जर लावायला एचओए सरसकट मनाई करू शकत नाही, तसा नियम त्यांच्या कागदांत असला तरी तो रद्दबातल. वाजवी अटी मात्र घालता येतात.

अर्ज लेखीच हवा. ‘बोर्डाच्या मीटिंगमध्ये विषय काढला होता’ हे चालत नाही. अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत लेखी नकार आला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. मेख इथेच आहे: वाजवी जादा माहिती मागितल्यामुळे उशीर झाला, तर हा नियम लागू होत नाही. मी दोन ओळींची ईमेल पाठवून निवांत बसलो होतो. पन्नासाव्या दिवशी विचारणा आली, ‘वायर कुठून नेणार?’ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून सगळे कागद एकदमच द्या आणि तारखेची पोच घ्या.

कागद म्हणजे एचओएचा बदल-मंजुरीचा फॉर्म, पार्किंग तुमचंच असल्याचा पुरावा, चार्जरचं माहितीपत्रक, सी-10 परवान्याच्या (वीजकाम कंत्राटदाराचा राज्याचा परवाना) इलेक्ट्रिशियनचं कोटेशन, वायर पॅनेलपासून जागेपर्यंत कशी जाणार याचा नकाशा आणि लोडचा, म्हणजे पॅनेलवरच्या एकूण विजेच्या भाराचा, हिशेब. अर्ज अडतो तो बहुधा लोडवर. चार्जर तासन्‌तास चालतो, म्हणून ब्रेकरच्या 80 टक्केच भार धरतात: 40 अँपिअरच्या ब्रेकरवर 32. जुन्या इमारतीत 100 अँपिअरच्या पॅनेलवर विजेची शेगडी आणि ड्रायर असला की एवढा भार घ्यायला वाव उरत नाही. हट्ट धरू नका. 240 व्होल्टवर 16 अँपिअर घेतले तरी आठ तासांत सुमारे 30 युनिट भरतात, म्हणजे नव्वद-शंभर मैल. रोजच्या ऑफिसला पुष्कळ झालं.

इमारतीचे नियम पाळू, काम परवानाधारकाकडूनच करून घेऊ आणि विजेचं बिल आपण भरू, अशी लेखी हमी द्यावी लागते. मंजुरीनंतर 14 दिवसांत दायित्व विम्याचं (इतरांच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या लायबिलिटी इन्शुरन्सचं) प्रमाणपत्र द्यायचं. दुरुस्ती आणि चार्जरमुळे होणारं नुकसानही तुमच्याच माथी. सामायिक जागा फक्त तुमच्यासाठी मागायची असेल, तर स्वतःच्या जागेत काम अशक्य किंवा अवाच्या सवा खर्चाचं आहे हे दिसायला हवं. शहराचा परवाना इथेही लागतोच.

एचओएने मुद्दाम कायदा मोडला तर प्रत्यक्ष नुकसानभरपाई आणि वर 1,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. कोर्टाची भाषा मात्र पहिल्याच पत्रात नको. बोर्डावर बसलेले शेजारीच असतात.

भाडेकरूंसाठी त्याच कोडचं कलम 1947.6 आहे. भाडेकरार 1 जुलै 2015 पासून पुढे झालेला किंवा वाढवलेला असेल, तर घरमालकाकडे लेखी मागणी करता येते, खर्च तुमचा. पाचपेक्षा कमी पार्किंग जागा असतील, करारात पार्किंगच नसेल किंवा 10 टक्के जागांवर आधीच चार्जर असतील, तर मालकावर बंधन नाही. सही करण्याआधी करारातली पार्किंगची ओळ तेवढी वाचून घ्या.