पॉलिसी संपायच्या आत गाडी बदलताय? विम्याचं काय करायचं

जुनी कार विकली, पण तिच्या विम्याचे सहा महिने अजून शिल्लक आहेत. ते पैसे बुडाले का? नाही. मात्र आपोआप परतही येत नाहीत, अर्ज करावा लागतो.

पॉलिसी गाडीची असते, चेसिस आणि इंजिन नंबरवर काढलेली. नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे वर्षभर क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, हा मात्र मालकाचा. गाडी विकली की पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर जाऊ शकते, बोनस जात नाही. एक्सचेंजच्या गडबडीत लोक नेमके हेच विसरतात आणि चावीबरोबर पॉलिसीचे कागद देऊन मोकळे होतात.

बोनस किती मोठा असतो ते बघा. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीवर, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्यावर नाही. नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम १८,००० रुपये धरला, तर ५० टक्क्यांनी ९,००० वाचतात; त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून १०,६२०. सीट कव्हर आणि मॅट फुकट मिळाल्याचा आनंद यापुढे काहीच नाही.

मेख अशी की वर्ष पूर्ण झाल्याशिवाय बोनसची पुढची पायरी मिळत नाही. चालू पॉलिसीवर ३५ टक्के लिहिलंय आणि दहाव्या महिन्यात गाडी विकली, तर ३५ टक्केच हातात येतात, ४५ नव्हे. चालू वर्षात क्लेम घेतला असेल तर शून्य. मुदत संपायला आठ-दहा दिवसच उरले असतील आणि घेणारा थांबायला तयार असेल, तर मी तरी थांबेन.

बोनस राखून ठेवण्यासाठी सध्याच्या विमा कंपनीकडे अर्ज करून एनसीबी रिझर्व्हिंग लेटर घ्यायचं. सोबत चालू पॉलिसी, आरसी बुकाची प्रत, खरेदीदाराने सही केलेली डिलिव्हरी नोट आणि मालकी बदलाच्या आरटीओच्या फॉर्म २९ व ३० च्या प्रती लागतात. काही कंपन्या नाव बदललेली आरसीच मागतात, म्हणून सह्या झाल्या की सगळ्याचे फोटो काढून ठेवा. पत्र साधारण तीन वर्षं चालतं आणि नवी गाडी दुसऱ्या कंपनीकडे उतरवली तरी उपयोगी पडतं. अट एवढीच की वाहनाचा वर्ग तोच हवा. कारचा बोनस स्कूटरला लागत नाही, आणि एकच बोनस एकाच वेळी दोन गाड्यांवरही नाही. पत्र नसताना नुसतं ‘क्लेम घेतला नव्हता’ असं लिहून सूट घेऊ नका. नवी कंपनी जुनीकडे खातरजमा करते आणि माहिती खोटी निघाली तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो.

आता जुन्या पॉलिसीचं. ती घेणाऱ्याच्या नावावर करता येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर जातं, पण नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. ओन डॅमेज आपोआप जात नाही. नाव बदलण्याआधी गाडी ठोकली तर दुरुस्तीचा खर्च त्याच्याच खिशातून. शिवाय तुमच्या बोनसची सूट त्याला लागू नसल्याने उरलेल्या काळाचा फरक त्याने भरायचा.

किंवा पॉलिसी रद्द करून उरलेल्या दिवसांच्या हिशेबाने परतावा मागता येतो, चालू मुदतीत क्लेम नसेल तर. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, म्हणून त्या गाडीचा दुसरा विमा निघाल्याचा पुरावा दाखवावा लागतो. तो घेणाऱ्याकडून वेळेवर मागून घ्या, नंतर माणूस फोन उचलत नाही.

उरलेल्या मुदतीसाठी त्याच पॉलिसीवर जुन्या गाडीच्या जागी दुसरी, त्याच वर्गातली गाडी चढवण्याचीही सोय आहे. प्रीमियमचा फरक दिवसांच्या हिशेबाने भरायचा. सेकंड हँड कार घेत असाल तर विचारून बघा. कोऱ्या कारचा प्रश्नच नाही, तिला २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नोंदणीच्या वेळीच घ्यावा लागतो.

आरटीओचं काम मात्र घेणाऱ्याच्या किंवा एजंटच्या भरवशावर सोडू नका. फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०. कर्ज असेल तर आरसीवरची कर्जाची नोंद काढण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. विक्री राज्यातच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी दोन-तीन हातांतून फिरली, तरी अपघाताच्या भरपाईची नोटीस त्याच्याच दारात येते. पॉलिसी रद्द करायचा अर्ज म्हणूनच आरसीवरचं नाव बदललेलं परिवाहन या सरकारी साइटवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच द्या.