टाइल पाणी अडवत नाही, अडवतो तो तिच्या खालचा थर

आमच्या बाथरूमच्या टाइल्स एकदम चकाचक होत्या, एकही फुटलेली नाही, तरी खालच्या काकूंच्या छताला पोपडे आले आणि कोपऱ्यात पांढरा लोणा फुटला. मला आधी खरंच वाटेना. मग फरशी उखडली तर खालच्या रेतीचा पार चिखल झालेला, विटांच्या तुकड्यांचा कोबा हाताला गार लागत होता आणि कुबट वास येत होता.

झालं असं की टाइल पाणी पीत नाही, पण दोन टाइल्समधलं सिमेंटचं ग्राऊट पितं. सिमेंट घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव भागाएवढंच पाणी त्याच्याशी रासायनिकरीत्या बांधलं जातं, पण माल नीट कालवता यावा म्हणून साइटवर त्याच्या दुप्पट तरी पडतं, आणि जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे केसाहून बारीक नळ्यांचं जाळं उरतं. या नळ्या पाणी नुसतं खाली सोडत नाहीत, आडवं आणि वरही ओढतात, निरांजनाची वात तेल ओढते तसं, आणि नळी जितकी बारीक तितकी ओढ जास्त. म्हणून गळती असते बाथरूममध्ये आणि ओल दिसते बेडरूमच्या भिंतीवर. वाटेत पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून घेऊन येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला भेटला की तो पांढरा थर जमतो. तो पुसता येतो हो, खरी भीती स्लॅबमधल्या लोखंडी सळईची. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि ती जागा काँक्रीट फोडूनच घेतो.

म्हणून टाइलच्या खाली वॉटरप्रूफिंगचा कोट. त्यात सिमेंट असतं आणि दुधासारखं पांढरं पॉलिमर. या दुधातले सूक्ष्म कण पाणी उडेल तसे जवळ येतात, एकमेकांना चिकटतात आणि रबरासारखा सलग पापुद्रा बनतो. गंमत म्हणजे सिमेंटला ओलावा हवा आणि पॉलिमरला सुकायला हवं. सवयीने मिस्त्री लगेच पाणी मारायला घेतात, तेव्हा डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, बहुतेक कोट हवेतच सुकू द्यायचे असतात. स्लॅब मात्र कोट मारण्याआधी ओलसर हवा, कोरडा असेल तर तो कोटातलंच पाणी शोषून घेतो. पहिला हात उभा मारला तर दुसरा आडवा, म्हणजे एकाची राहिलेली भोकं दुसऱ्यात बुजतात. भिंत आणि जमीन मिळते तिथे आधी सिमेंट-रेतीच्या मसाल्याची गोलाई करून घ्या, नाहीतर काटकोनातच कोट चिरतो, आणि कोट भिंतीवर निदान फूटभर चढवा. ढाळ मीटरला एक सेंटीमीटर तरी पाहिजे.

पण सगळ्यात नाजूक जागा न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे बाथरूमचं पाणी जमिनीतून जिथून बाहेर जातं त्या पीव्हीसीच्या भांड्याचा गळा. पीव्हीसी प्लास्टिक गरम झालं की काँक्रीटच्या जवळजवळ पाचपट प्रसरण पावतं, त्यामुळे गिझरचं पाणी रोज तिथून गेलं की सांधा रोज थोडा हलतो. तिथे कोटाच्या आत कापडासारखी जाळी बसवून जास्तीचा कोट हवाच हवा.

आणि टाइल बसवण्याआधी गळतीची टेस्ट. ट्रॅप बंद करायचा, दाराशी छोटा बांध घालायचा, दोन-तीन इंच पाणी भरून 48 तास ठेवायचं. मी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून तिच्यावरही रेघ मारली, कारण थोडं पाणी हवेतही उडतंच, ते किती ते बादली सांगते. पहिल्या वेळी बाथरूममधलं पाणी बादलीपेक्षा बोटभर जास्त उतरलं. ट्रॅपच्या गळ्याशीच फट निघाली. मिस्त्री म्हणाले, टाइल बसली की दाबून जाईल. मी अडून बसले, परत जाळी, परत कोट, काम चार दिवस लांबलं. दुसऱ्या टेस्टला दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या, खाली काकूंनी छताला हात लावून कोरडं आहे म्हणून सांगितलं आणि मगच टाइल्सचे बॉक्स उघडले.