विजयदुर्गच्या ओट्यांपासून सीडीच्या खोक्यापर्यंत

विज्ञान दिन आला की कॉलेजची मुले जवळच्या शाळेत खोकी घेऊन जातात. बुटांचे रिकामे खोके, एका बाजूला ब्लेडने कापलेली बारीक फट, आत तिरकी बसवलेली जुनी सीडी. साधा पिवळा बल्ब त्यातून पाहिला की सलग इंद्रधनुष्य दिसते. सीएफएल दिवा पाहिला की त्याच रंगांचे सुटे पट्टे, मध्ये काळोख. सहावीतले पोर लगेच विचारते, “मधले रंग गेले खंय?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण वर्णपटशास्त्राची, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून अभ्यासण्याच्या शास्त्राची, सुरुवातच गाळलेल्या रंगांपासून झाली. सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेघा आहेत हे वोलास्टन यांनी १८०२ मध्ये पाहिले, फ्राउनहोफर यांनी १८१४ पासून त्या शेकड्यांनी मोजून नोंदवल्या, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या स्वतःच्या ठरलेल्या रेघा असतात हे किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले.

पुढचा मोठा टप्पा आपल्या शेजारून गेला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गोव्याच्या उत्तरेकडून कोकणात शिरला आणि पूर्वेला आंध्र किनाऱ्याकडे निघून गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये एक झगझगीत पिवळी रेघ दिसली. अनेकांनी ती सोडियमची समजली. पुढे इंग्लंडमध्ये ग्रहणाशिवायच सूर्याचा वेध घेणाऱ्या नॉर्मन लॉकियर यांना ती सोडियमच्या जागेवर बसत नाही असे आढळले, आणि त्या अनोळखी द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ उजाडले. रॅमसे यांनी ते एका खनिजातून मिळवले.

आपल्याकडे सर्रास सांगितले जाते की लॉकियर साहेबांनी हेलियम शोधला तो विजयदुर्गच्या किल्ल्यावरून. तिथले ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे उपकरणे मांडायचे चौथरे, आजही दाखवतात आणि दर १८ ऑगस्टला हेलियम दिवसही साजरा होतो. पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांची मदत घेऊन. महिना पाहिला तरी उलगडा होतो. ऑगस्टात कोकण किनाऱ्यावर दुर्बीण कोण लावणार? कोकणच्या पावसापासून इतक्या दूर असूनही जमखंडीत हर्शेलना ढगांनी सतावले होते. जानेवारीत मात्र इथले आभाळ स्वच्छ. ही दुरुस्ती केल्याने ओट्यांचे मोल तसूभरही कमी होत नाही. शिवाय त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला स्वतःची वर्णपट-उपकरणे मांडून बसले होते. ते नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते, याची मला खंत वाटते.

गोव्यातून तेव्हा ग्रहणाचा वेध घ्यायला अशी तुकडी निघणे कठीणच होते. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती, पण धेंपे आणि चौगुले ही कॉलेजे सुरू झाली ती मुक्तीनंतर, १९६२ मध्ये. गोवा विद्यापीठ १९८५ चे. विज्ञान दिनही पहिल्यांदा साजरा झाला १९८७ मध्ये, गोवा राज्य झाले त्याच वर्षी. पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, त्या २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामाचा तो दिवस; रामन आणि कृष्णन यांनी तो प्रथम पाहिला तोही खिशात मावेल अशा वर्णपटदर्शकातून. २०१५ हे प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले आणि २०१८ पासून १६ मे हा प्रकाश दिन ठरला, कारण १९६० मध्ये त्या दिवशी पहिला लेसर चालला. मिरामारचे विज्ञान केंद्र आणि पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवरची वेधशाळा यांमुळे इथल्या मुलांना हाताने करून पाहण्याची सवय लागली. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी तर हेच शास्त्र रोजच्या कामाचे आहे: पाण्यातले हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून समुद्राचा रंग उपग्रहावरून मोजून त्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज करता येतो.

तरी मला सगळ्यात भावतो तो मिठाचा प्रयोग. आगरवाड्याच्या मिठागरातले चिमूटभर मीठ, गॅसची निळी ज्योत, काळोखी खोली. मीठ पडताच ज्योत पिवळीधमक होते आणि खोक्यात एकच पिवळी रेघ उमटते. खरे तर त्या दोन रेघा आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, पण घरगुती खोक्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत. हेलियमची रेघ ५८७.६ वर. इतकी जवळ. १८६८ मध्ये भले भले का चकले, हे सांगायला मग वेगळे भाषण लागत नाही. खोक्यातून सूर्याकडे मात्र थेट पाहू देऊ नये, डोळे कायमचे जातात. ऑगस्टात तर त्याची वेळही येत नाही. बाहेर श्रावणाची सर कोसळत असते आणि वर्गात मुले रांगेने ज्योतीपुढे वाकून म्हणत असतात, “सर, आणखी एक चिमूट घाला.”