केळ्यातला पॉझिट्रॉन आणि अर्धा केल्विन

रावेरच्या बागेतलं एक केळं हातात घ्या. त्यातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा अंश किरणोत्सारी असतो, पोटॅशियम-४०. त्याचे अणू फुटताना लाखात एखादा पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. हिशेब केला तर एका केळ्यातून साधारण सव्वा तासाला एक. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण : वस्तुमान तेच, विद्युतभार उलटा. गरातच त्याला इलेक्ट्रॉन गाठतो आणि दोघांचे गॅमा किरण होतात. खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

तेव्हा प्रतिद्रव्य, म्हणजे अशा प्रतिकणांचं द्रव्य, घरोघरी आहे. अवघड आहे ते धरून ठेवणं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९५ साली प्रतिहायड्रोजनचे (प्रोटॉनचा प्रतिकण प्रतिप्रोटॉन, आणि त्याभोवती पॉझिट्रॉन) पहिले नऊ अणू बनले, पण इतके वेगवान की बघता बघता गेले. मोजमापाला अणू थंड हवा, म्हणजे संथ. तसे अणू २००२ मध्ये जमले : मंदावलेले प्रतिप्रोटॉन आणि सोडियम-२२ मधून आलेले पॉझिट्रॉन निर्वात नळीत एकत्र आणून.

खरी गोची पुढे आहे. भारित कण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी अधांतरी धरता येतात. अणू जुळला की भार शून्य, पकड सुटली. उरतं किंचित चुंबकत्व. तेवढ्यावर सापळा रचायचा, तर त्याची खोली जेमतेम अर्ध्या केल्विनची, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अर्धा अंश वरपर्यंतचेच अणू त्यात राहतात. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ पार करतो. इथे उणे २७२ अंशांच्याही खाली असलेलाच अणू थांबतो. बाकीचे उथळ ताटलीतल्या दाण्यांसारखे काठावरून उडतात, भिंतीला लागतात आणि संपतात. २०१० मध्ये सर्नमधल्या आल्फा या संशोधक गटाने ३८ अणू धरले, सेकंदाचा सहावा हिस्सा. पुढच्याच वर्षी हजार सेकंद!

मग लेझरने तपासणी झाली. २०१८ पर्यंत, एक लाख कोटीत दोन इतक्या बारकाईने, प्रतिहायड्रोजन हायड्रोजनसारखाच निघाला. मला स्वतःला गुरुत्वाचा प्रयोग जास्त आवडतो, कारण तो आपल्या डोक्यात बसतो. उभ्या सापळ्याची वरची आणि खालची चुंबकीय झाकणं हळूहळू सैल केली आणि अणू कुठून निसटतात ते मोजलं. २०२३ मध्ये निकाल आला : सुमारे ८० टक्के खालून. प्रतिद्रव्य वर उडेल असं वाटणाऱ्यांची निराशा झाली. त्वरण मात्र आपल्या नेहमीच्या गुरुत्वत्वरणाच्या ०.७५ पट आलं, आणि त्यातली अनिश्चितता एवढी मोठी की तो आकडा १ सुद्धा असू शकतो. म्हणून अणू आणखी गार करायचे. लेझरने तसं करणं २०२१ मध्येच साधलं आहे.